जहाजावरून मयेला

लग्नानंतरची बरीच वर्षे आम्ही उभयतांनी मालवाहू जहाजावर काढली. एकाची इंजिनरूममध्ये नोकरी, दुसरीची सोबत. मुलगी शाळेच्या वयाची झाली, तेव्हा एकाने दर्यावर आणि दुसरीने घरी असे राहण्यापेक्षा दोघांनीही मयेला परतायचे ठरवले. मिळकत निम्म्यावर आली.

जमिनीची सवय दोन दिवसांत झाली. जड गेले ते दुसरेच. जहाजावर चार तास काम, आठ तास विश्रांती. इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राचे पाणी गोडे करायचे आणि जपून वापरायचे. प्रत्येकाचे काम ठरलेले. घरी मात्र विहीर भरलेली, पण कोणते काम कोणाचे, हेच ठरेना. पहिले वर्ष कुरबुरीत गेले. शेवटी स्वयंपाकघरात जहाजासारखा कामांचा तक्ता लावला.

आपल्या नार्व्यासमोरच्या दिवाडी बेटावर बांधलेल्या 'तारिणी' नौकेतून नौदलाच्या दिलना आणि रूपा या अधिकाऱ्यांनी २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. नौकेवर दोघीच! एकमेकींवर कामे ढकलून ते साधले नसते.

विद्यार्थी मित्रांनो, आमच्या तक्त्यात आता मुलीचेही नाव आहे : तुळशीला पाणी आणि तिन्हीसांजेचा दिवा.