रोगाचें नांव आणि रोगाचें कूळ

न्यायशास्त्राचा आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यास प्रथम लक्षणाचे दोष शिकवितात. ‘शिंगें असलेला प्राणी’ असें गाईचें लक्षण केलें, तर म्हैसही गाय ठरते; ही अतिव्याप्ति. ‘तांबूस रंगाचा प्राणी’ असें केलें, तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. शाळेंत संस्कृत शिकवितांना हे दोष आम्हीं मुलांना पुष्कळदां समजावून सांगितले. परंतु घरांतील आजारपणांत त्यांचें स्मरण व्हावें, असा योग गेल्या पावसाळ्यांत आला. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे वडील बंधु सत्तरी ओलांडलेले. कोंडाण्याच्या घरीं एके दिवशीं त्यांच्या कमरेच्या उजव्या बाजूस आग होऊं लागली आणि दोन दिवसांत तेथें फोडांचा पट्टा उठला. शेजारच्या आजीबाईंनीं पाहतांच सांगितलें, “ही नागीण.” निदान बरोबर होतें, भाकीत मात्र भयंकर. नागिणीचें तोंड आणि शेपूट एकमेकांस मिळालें कीं मनुष्य जगत नाहीं, असें आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बोललें जातें. वहिनींच्या घशाखालीं घांस उतरेना. त्याच दिवशीं कर्जतच्या डॉक्टरांना दाखविलें. त्यांनीं औषध लिहून दिलें आणि विचारलें, “कांजिण्या न आलेलें घरांत कोणी आहे काय?”

फोडांना लेप लावण्याचें काम आमची धाकटी सून करीत होती. तिला पांचवा महिना होता, आणि माहेरीं विचारतां तिला कांजिण्या कधीं आल्या नव्हत्या असें कळलें. डॉक्टरांनीं तिला तत्काळ त्या कामांतून दूर केलें आणि तिचें रक्त तपासण्यास सांगितलें. दादा म्हणाले, “नागीण मला, आणि कांजिण्यांची चौकशी हिच्या माहेरीं?” प्रश्न रास्त होता. उत्तर असें कीं, दोन्हीं रोगांचा विषाणु एकच. लहानपणीं कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो शरीर सोडीत नाहीं. कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गांठींत तो दडून बसतो आणि उतारवयांत एखाद्या तंतूच्या वाटेनें बाहेर पडतो. डाव्या-उजव्या अंगाचे तंतु निरनिराळे असल्यामुळें पट्टा बहुधा एकाच बाजूस राहतो. तोंड-शेपटीची भीति निराधार आहे. पण फोडांतील पाण्याचा संसर्ग कांजिण्या न आलेल्यास झाला, तर त्यास कांजिण्या येतात, आणि गर्भारपणांत त्या आईस व गर्भासही अपायकारक होऊं शकतात. सुनेच्या रक्तांत प्रतिकारशक्ति आढळली. तिला नकळत कांजिण्या येऊन गेल्या असाव्यात. दादांच्या खपल्याही तीन आठवड्यांत पडल्या.

रोगाच्या नांवावरून विषाणूचें लक्षण केलें, तर येथें अव्याप्ति झाली: ‘कांजिण्या आणणारा’ म्हणतांच नागीण बाहेर राहिली. उलट ‘कावीळ आणणारा’ म्हटलें कीं अतिव्याप्ति. यकृताच्या काविळीचे ए, बी, सी, डी, ई हे पांच विषाणु परस्परांचे सगोत्र नव्हेत. ए आणि ई मुख्यतः दूषित पाण्याअन्नांतून येतात, बी आणि सी रक्तावाटे. डी तर बीच्या आश्रयावांचून पसरूंच शकत नाहीं. नांव एक, पथ्य निराळें, प्रतिबंधही निराळा.

मग निर्दोष लक्षण कोणतें? विषाणु ही एक पोथी समजावी. ती स्वतः वाचतां येत नाहीं, खात नाहीं, वाढत नाहीं. सजीव पेशीस चिकटून ती आंत शिरते, प्रथिनाचें वेष्टन उतरतें, आणि पेशीचे कारागीर आपलें काम टाकून तिच्याच प्रती काढूं लागतात. प्रती व वेष्टनें जुळलीं कीं नवे विषाणु बाहेर पडतात. डेव्हिड बाल्टिमोर यांनीं १९७१ सालीं विचारलें कीं, पेशीस वाचतां येईल असा संदेश, म्हणजे संदेशवाहक आरएनए, ही पोथी कोणत्या मार्गानें तयार करविते? त्यावरून त्यांनीं सहा वर्ग पाडले. सातवा पुढें जोडला गेला.

पहिल्या वर्गांत दुपदरी डीएनएचे विषाणु: कांजिण्यांचा, आणि जिचें निर्मूलन १९८० सालीं जाहीर झालें त्या देवीचा. दुसऱ्यांत एकपदरी डीएनएचे. तिसऱ्यांत दुपदरी आरएनएचे, जसा मुलांच्या जुलाबाचा रोटाव्हायरस. चौथ्यांतील आरएनए सुलट, पेशीस थेट वाचतां येणारें: पोलिओ, डेंग्यू, चिकुनगुन्या, कोरोना. पांचव्यांतील आरएनए छापखान्यांतील खिळ्यासारखें उलटें: गोवर, गालगुंड, इन्फ्लुएन्झा, रेबीज. त्याचा सुलट ठसा काढणारें विकर पेशीजवळ नसतें, म्हणून विषाणु तें बरोबर घेऊनच येतो. सहाव्यांत एचआयव्ही, तो आरएनएवरून डीएनए करून पेशीच्या मूळ दप्तरांतच दडवितो. सातव्यांत काविळीचा बी विषाणु. त्याचें डीएनए आपल्या प्रतीसाठीं आरएनएचा वळसा घेतें.

आपल्या प्रांताचें नांवही या कुळवृत्तांत आहे. १९५२ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या, आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्ध असलेल्या संस्थेच्या शास्त्रज्ञांना १९६५ सालीं नागपुराकडील चांदीपुरा येथें, तापाच्या रोग्यांच्या रक्तांत, एक नवा विषाणु सांपडला. त्यास चांदीपुरा हेंच नांव मिळालें. पुढें २००३ सालीं आंध्र व महाराष्ट्र येथें मुलांच्या मेंदूज्वराच्या साथीशीं त्याचा संबंध जोडला गेला. तो रेबीजच्याच कुळांतला, पांचव्या वर्गाचा. परंतु रेबीज कुत्र्याच्या दंशानें येतो, तर हा वाळूमाशीच्या. कुळावरून प्रती काढण्याची रीत कळते. येण्याची वाट मात्र स्वतंत्रपणें शोधावी लागते.

या विचाराचें फळ केवळ पांडित्य नव्हे. दादांना दिलेलें असायक्लोव्हिर विषाणूच्याच विकरानें जागृत होतें आणि त्याच्या डीएनएची साखळी मध्येंच तोडतें; पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आंत तें सुरू केल्यास विशेष गुण येतो. डेंग्यूवर तें व्यर्थ. जीवाणूंवरचीं प्रतिजैविकें तर कोणत्याच विषाणूवर चालत नाहींत; सर्दीतापास तीं डॉक्टरांकडे हट्टानें मागणें सोडावें.

घरोघरीं जन्मपत्रिका जपून ठेवलेली असते. तिच्याच कापडांत आणखी एक कागद असावा: कोणास कांजिण्या केव्हां आल्या, गोवर कोणास, लस कोणती व केव्हां. मुलगी सासरीं निघाली कीं तिच्या ट्रंकेंत त्याची एक प्रत घालावी. गुण किती जुळले हें आपण लग्नापूर्वीं पाहतोंच. हा कागद लग्नानंतर, आणि बहुधा अवघडल्या वेळीं, उपयोगास येईल.