शिंकेची धास्ती

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर बायका काय काय उचलतात! माशांची पाटी, पाण्याची कळशी, गवताचा भारा. पण एक ओझं कुणाच्या नजरेस पडत नाही. शिंक आली, खोकला आला, पाटी डोक्यावर घेतली की लघवीचे थेंब जातात, लुगडं ओलं होतं.

तिसऱ्या बाळंतपणानंतर मलाही हा त्रास सुरू झाला. दशावतारात संकासुराचं सोंग आलं तरी हसायची चोरी! एस.टी.ने कुडाळला जायचं तर सकाळपासून पाणी वर्ज्य. शेजारच्या काकींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "गो बाय, माझा पण तसाच आसा. बायलमानसाचा ह्या असताच."

असतंच, हे मात्र खरं नाही. माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय तिच्या आधारावर असतात. बाळंतपणं, जड ओझी, जुना खोकला, बद्धकोष्ठ, पाळी जाण्याचं वय यांनी ती सैल पडते. ती पुन्हा आवळता येते, हे अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडलं. आपल्या योगातला मूलबंध याच्याच जवळचा. २०१८ साली अनेक देशांतले प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा व्यायाम करणाऱ्या शंभरांतल्या छप्पन्न बायकांनी त्रास गेल्याचं सांगितलं. न करणाऱ्यांत फक्त सहा.

व्यायाम असा: वारा आणि लघवी एकदम रोखावी तशी ती जागा आत, वर ओढायची. पाच अंक मोजायचे, सोडायचं, तितकीच विश्रांती. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नये; पोट, मांड्या आवळू नयेत. शिंकेआधी, ओझं उचलण्याआधीही आवळावं. नेमका स्नायू सापडत नसेल तर फिजिओथेरपिस्टबाई आतून बोटाने तपासून दाखवतात; त्यात लाजण्यासारखं काही नाही. नुसत्या चोळण्याने मात्र बळ येत नाही.

किमान तीन महिने धीर धरावा. मला चौथ्या महिन्यात फरक कळला. पाणी तोडू नये. जळजळ, रक्त किंवा अंग बाहेर येत असेल तर आधी डॉक्टरीणबाई गाठावी.

आणि घरच्या मंडळींनो, बाळंतीण सव्वा महिन्याने उठली की लगेच तिच्या कमरेवर भरली कळशी देऊ नका. थोडे दिवस ती तुम्हीच आणा.