रिपोर्ट नॉर्मल, पण मन वाळीत

विशीतली मुलंमुली माझ्याकडे डोकेदुखी, ॲसिडिटी, झोप न लागणे, वजन कमी होणे अशा तक्रारी घेऊन येतात. कधीकधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, सोनोग्राफी सगळेच नॉर्मल निघते. अशा वेळी मी एक साधा प्रश्न विचारतो, "रोज कुणाबरोबर जेवतोस?"

हॉस्टेलवर राहणाऱ्या एका विद्यार्थिनीला हा प्रश्न विचारल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. महिनाभर ती मेसमध्ये गेलीच नव्हती. मैत्रिणींनी तिला वगळून नवा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. ती टेबलाजवळ आली की बोलणे थांबायचे. "सर, मला कुणी मारलं नाही, शिवीही दिली नाही. मग तक्रार तरी काय करू?" असे ती म्हणाली.

नेमकी हीच अडचण आहे. अबोला, अफवा, मुद्दाम वगळणे, "तिच्याशी बोललीस तर माझ्याशी बोलू नकोस" असा दबाव, हीसुद्धा आक्रमकताच आहे. फरक इतकाच, की इथे हात नाही, नातेच हत्यार होते. निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर या संशोधकांनी १९९५ मध्ये शाळकरी मुलांमध्ये ती वेगळी मोजून दाखवली. कॉलेज आणि नोकरीच्या वयातही ती आढळते, आणि फक्त मुलीच असे वागतात हा गैरसमज आहे.

आपल्या भाषेत 'वाळीत टाकणे' हा शब्द पूर्वीपासून आहे. जातपंचायतींसारख्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा कायदाही केला. चार जणांच्या ग्रुपने एकाला वाळीत टाकले, तर मात्र आपण "दुर्लक्ष कर" म्हणून मोकळे होतो.

दुर्लक्ष करणे सोपे नसते. किपलिंग विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना संगणकावर चेंडू टाकण्याचा खेळ दिला. थोड्या वेळाने त्यांच्याकडे चेंडू येणे बंद झाले. आपण माणसांशी नव्हे, संगणकाशी खेळतोय हे ज्यांना सांगितले होते, त्यांनाही वाईट वाटले! मग रोजच्या मैत्रिणींनी तोंड फिरवल्यावर काय होत असेल? हा ताण सतत राहिला की झोप उडते, भूक मरते, पोट बिघडते.

दोघांचे भांडण झाले, बोलून मिटले, तर काळजी नको. पण तेच पुन्हा पुन्हा होत असेल आणि इतरांनाही तुमच्याविरुद्ध वळवले जात असेल, तर हे करा:

- जेवण आणि झोप चुकवू नका.
- ग्रुपमध्ये सर्वांसमोर खुलासे देत बसू नका. बदनामीचे मेसेज असतील तर स्क्रीनशॉट ठेवा.
- त्या ग्रुपबाहेरच्या एका तरी विश्वासू माणसाला सगळे सांगा. गरज पडल्यास वॉर्डन किंवा प्राध्यापकांना भेटा.
- दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, तर डॉक्टरांकडे या.

जगणे नकोसे वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. टेलि-मानस १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास चालू असतो.

आणि तुम्ही त्या टेबलावर नुसते गप्प बसणारे असाल, तर उद्या तिला हाक मारून शेजारी बसवा. तेवढे तुमच्या हातात आहे.