दोन भाऊ आणि एक बंगला

दादाचा फोन आला तेव्हा मी पॅसाडीनातल्या एका घराच्या अंगणात तिकीट काढून उभा होतो. शनिवारची सकाळ. म्हणजे वाईला रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले. दादा इतक्या उशिरा जागा, म्हणजे काहीतरी खास असणार.

"गिऱ्हाईक आलंय," दादा म्हणाला. "माणूस बरा वाटतोय. आकडा तू म्हणत होतास त्याच्या वरच आहे. तुझी सही लागेल."

वाईचं घर विकायचं, हे गेली चार वर्षं मीच म्हणतोय. आजोबांनी १९३१ साली बांधलेलं. कौलारू, ब्रह्मदेशी सागाच्या खांबांचं, खाली ओटी-माजघर आणि वर माडी. दादा कधी हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. आता तोच गिऱ्हाईक आलंय म्हणत होता. मला आनंद व्हायला हवा होता. "संध्याकाळी करतो फोन," एवढंच म्हणालो, कारण आमच्या गाईडबाई दार उघडून उभ्या होत्या.

त्या घराचं नाव गॅम्बल हाऊस. प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणवाल्या कंपनीतल्या गॅम्बलांपैकी डेव्हिड आणि मेरी यांनी थंडीत येऊन राहायला म्हणून बांधून घेतलं. काम १९०८ साली सुरू झालं. आर्किटेक्ट होते ग्रीन अँड ग्रीन. चार्ल्स आणि हेन्री, सख्खे भाऊ.

मी इतकी वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियात राहून हे घर पाहिलं नव्हतं. आपण नाही का, पुण्यात जन्म काढून शनिवारवाडा आतून न पाहिलेले असतो, तसंच.

दार उघडलं आणि पहिल्यांदा जाणवला तो लाकडाचा रंग. समोरच्या तिन्ही दारांच्या काचांवर मिळून एकच पसरलेलं ओकचं झाड आहे. बाहेरून ऊन आलं की त्या झाडातून पिवळसर, मधासारखा उजेड आत उतरतो आणि भिंतींच्या लाकडावर पसरतो. गाईडबाई म्हणाल्या, हा साग, बर्माहून आणलेला. मी तिथेच थबकलो. आमच्या माजघरातल्या खांबांवर दुपारी झरोक्यातून ऊन पडायचं ना, अगदी तोच रंग. दरवर्षी दिवाळीच्या आधी दादा त्या खांबांना जवसाचं तेल चोळतो. मी शेवटचं कधी चोळलं होतं, ते मला आठवत नाही.

जिना तर पाहत बसावा असा. लाकडात लाकूड अडकवून केलेले सांधे, आणि ते लपवलेले नाहीत, उलट मुद्दाम दिसतील असे ठेवलेत. कडा हाताने घासून गोल केलेल्या. जागोजागी आबनूसाच्या काळ्या चौकोनी खुंट्या. खुर्च्या, टेबलं, दिवे, गालिचे, सगळं याच भावांनी कागदावर काढलेलं. आणि ते लाकडात उतरवलं पीटर आणि जॉन हॉल या दुसऱ्या भावांच्या जोडीने. हे दोघे मूळचे स्वीडनचे. काचकाम एमिल लँगे याचं. बाहेर खोल वळचणी, आणि वर झोपायच्या खोल्यांना लागून उघड्या पडव्या. उन्हाळ्यात तिथेच खाट टाकून झोपायचं. आपल्याकडे गच्चीवर अंथरुणं घालायचो तसंच की!

गंमत म्हणजे अशा घरांना इथे 'बंगलो' म्हणतात. शब्द आपलाच, बंगालातल्या घरावरून निघालेला बंगला, साहेबाच्या बोटीतून इकडे आला. पण येताना त्याचा अर्थ उलटा झाला. आपल्याकडे बंगला म्हणजे पैसेवाल्याचा. इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगलो म्हणजे सामान्य नोकरदाराला परवडेल असं बैठं, पडवीवालं, लाकडी घर. पॅसाडीनात 'बंगलो हेवन' नावाची एक अख्खी वस्तीच आहे, अशा शेकडो घरांची. ग्रीन बंधूंनी तीच साधी कल्पना घेतली आणि लखपतींसाठी पार टोकाला नेली. ब्लॅकर, फोर्ड, गॅम्बल, प्रॅट आणि थॉर्सन ही त्यांची गाजलेली घरं १९०७ ते १९०९ या तीन वर्षांत हाती घेतलेली. फक्त तीन वर्षं!

या भावांची गोष्ट ऐकताना मात्र मला हळूहळू अस्वस्थ व्हायला लागलं.

जन्म सिनसिनाटीजवळचा, चार्ल्सचा १८६८ चा, हेन्रीचा १८७० चा. वडील पुढे डॉक्टर झाले. पोरांनी आर्किटेक्ट व्हावं हे त्यांनीच ठरवलं. सेंट लुईसला त्यांना अशा शाळेत घातलं जिथे पुस्तकांबरोबर सुतारकाम आणि लोहारकामही शिकवत. मग दोघे मिळून एमआयटीत. १८९३ साली आई-वडिलांनी पॅसाडीनाला बोलावलं, वाटेत शिकागोचं मोठं प्रदर्शन लागलं, तिथे जपानी लाकडी इमारत बघायला मिळाली. जपानला दोघे कधीच गेले नाहीत. १८९४ साली पॅसाडीनात ऑफिस थाटलं.

चार्ल्स कलावंत. सुचायचं त्याला. काम चालू असतानाही तो जागेवर जाऊन बदल करायचा. हेन्री शांत. बांधकामाचं गणित, ऑफिस, हिशेब, गिऱ्हाइकांना सांभाळणं हे त्याच्याकडे. पुढे जग बदललं. हाताने घासून केलेली घरं महाग पडायला लागली, फॅशन स्पॅनिश धर्तीच्या चुन्याच्या भिंतींकडे गेली, कामं आटली. १९१६ साली चार्ल्स बायको-मुलांना घेऊन समुद्राकाठी कार्मेलला निघून गेला. लिहायला, विचार करायला. हेन्री पॅसाडीनातच राहिला आणि ऑफिस चालवत राहिला. १९२२ साली भागीदारी कागदोपत्रीही संपली.

भांडण नव्हतं बरं का. कोर्टकचेरी नाही, वाटणीचा तंटा नाही. एक भाऊ गेला आणि एक राहिला, इतकंच. पुढे चार्ल्सने कार्मेलजवळ कड्यावर एक दगडी घर बांधलं, ते पाहायला लोक अजून धडपडतात. हेन्रीने पोर्टरव्हिलला १९२९ च्या सुमाराला मातीच्या विटांचं एक साधंसुंदर घर बांधलं, ते फार कुणाला माहीत नसतं.

तुम्ही म्हणाल, यात अस्वस्थ होण्यासारखं काय? आमच्याकडे क्रम उलटा आहे. दादा थोरला, आणि तोच राहिला. मी धाकटा, मी निघून आलो. वाईला गेलो की खांबांचे फोटो काढणारा मी. चार लोकांत 'आमचं घर म्हणजे अस्सल ब्रह्मदेशी साग' सांगणारा मी. पावसाळ्यात रात्री उठून कुठे गळतंय ते बघत बादल्या ठेवणारे दादा आणि वहिनी. आणि घर विकू या म्हणणारा पुन्हा मीच.

फेरीच्या शेवटी गाईडबाईंनी एक किस्सा सांगितला. मेरीबाईंची बहीण ज्युलिया या घरात १९४३ पर्यंत, शेवटपर्यंत राहिली. त्यानंतर पुढच्या पिढीने, म्हणजे मुलगा सेसिल आणि सून लुईस यांनी, घर विकायचं मनात आणलं. गिऱ्हाईक आलं. घर बघता बघता त्यांच्यात बोलणं निघालं, हे लाकूड फार अंधारं दिसतंय, सगळं पांढरं रंगवून घेऊ. ते ऐकलं आणि गॅम्बलांनी घर विकायचंच रद्द केलं. स्वतः येऊन राहिले. १९६६ साली कुटुंबाने घर पॅसाडीना शहराच्या हवाली केलं, एका विद्यापीठाच्या साथीने. म्हणून मी तिकीट काढून आत जाऊ शकलो.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. याच गावातलं ब्लॅकर हाऊस १९८५ साली विकलं गेलं. नव्या मालकाने आतले मूळ दिवे आणि काचा काढून नेल्या. एकेका दिव्याला घराच्या मानाने प्रचंड किंमत येत होती. गावात ओरड झाली, नगरपालिकेने घाईघाईने नियम केला. पुढच्या मालकांनी १९९० च्या दशकात हुबेहूब नकला करून बसवल्या. मूळ दिवे मात्र संग्रहालयांत आणि कुणाकुणाच्या दिवाणखान्यांत विखुरले.

आणि हे दोघे भाऊ? १९५२ साली अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या राष्ट्रीय संस्थेने त्यांचा खास गौरव केला. दोघांनीही ऐंशी ओलांडली होती. गौरव दोघांचा मिळून, भागीदारी मोडून तीस वर्षं झाल्यावर. हेन्री १९५४ साली गेला, चार्ल्स १९५७ साली.

संध्याकाळी फोन केला. वाईला सकाळ झाली होती, दादाचा चहा चालू होता.

"दादा, ते गिऱ्हाईक घराचं काय करणार आहे?"

"पाडणार. खांब आणि तुळया आधी काढून घेणार म्हणाला. जुन्या सागाला पुण्यात हॉटेलवाले वाटेल ते देतात." मग जरा थांबून, "तुला चालेल ना?"

चार वर्षांत त्याने मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला. आणि मी त्याला तो एकदाही विचारला नव्हता. तसं म्हटलं तर तो हसला.

"मला काय विचारतोस? मी इथेच आहे."

मी म्हटलं, सही नको करायला. निदान यंदा नको. मग पुढे बरंच काही बोलत सुटलो, ग्रीन बंधू, पांढरा रंग, ब्लॅकरचे दिवे. दादाने सगळं ऐकून घेतलं. तो ऐकून घेतोच. माझं संपल्यावर म्हणाला, "ते ठीक आहे. पण मागच्या बाजूची कौलं या पावसाळ्याच्या आत शाकारून घ्यावी लागतील. दोन वासेही बदलायचेत. तू निम्मे पाठवशील का?"

पाठवलेत. आणि दिवाळीच्या आधी आठ दिवस येतोय. दादा, तू हे वाचशील तेव्हा हसू नकोस. जवसाचं तेल मात्र आणून ठेव.