चावीची ओळख

बैल धन्याला हाकेवरून ओळखतो, आजची पिकप गाडी चावीवरून. चावीच्या डोक्यात बारीक चिप असते. तिला सेल लागत नाही. कुलपाभोवतीच्या तारेच्या कड्यातून तिला शक्ती मिळते, ती आपला आकडा सांगते, आणि तो जुळला तरच इंजिन चालू होते. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ही राखण सक्तीची झाली.

यंदा पावसाचे पाणी शिरून आमच्या गाडीची ही पेटी जळाली. कांदा भरलेला, गाडी मुकी! त्या दिवसाचा लिलाव हुकला. मेस्त्री म्हणाला, "दादा, नुसती नवी पेटी बसवून भागत नाही. तिची इंजिनाशी आणि चाव्यांशी ओळख करून द्यावी लागते." त्याने गाडीची कागदपत्रे पाहिली, बॅटरीची ऋण तार सोडली, पेटी बदलली, तार जोडली, मग संगणक लावून एकेक चावी ओळखवून घेतली. पुष्कळ गाड्यांत त्या वेळी हजर नसलेली चावी पुढे चालत नाही. सौ.ने दुसरी चावी कोठीत जपली होती, म्हणून निभावले.

तेव्हा वाचकहो, दुसरी चावी आणि चावीच्या नंबराचा कागद सातबाऱ्याइतकाच जपा. आणि तो कागद गाडीत मात्र ठेवू नका.