सायकल गेली म्हणून रस्ता होतो का?

"सायकल गेली म्हणून रस्ता होत नसतो साहेब. शेळीबी जाती की." कचेरीतल्या त्या गृहस्थांनी हे माझ्याकडे न बघताच म्हटलं. हातात फाईल होती, तिची नाडी बांधत होते. बाकड्यावरचे दोघं हसले. माझ्यासोबतचे आबा मात्र हसले नाहीत. त्यांना ऐकायला कमी येतं, पण नेमकं हे ऐकू गेलं असावं. या वाक्याला द्यायची उत्तरं मला अजून सुचतात, तीही दुकान बंद करून घरी आल्यावर.

मागचं थोडक्यात सांगतो. चाकूरला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. साखर वाढली, डॉक्टरांनी चाला म्हटलं, गुडघा नको म्हणाला, म्हणून सायकल घेतली. आधी हायवेनं जायचो. नांदेड-लातूरचा हा ३६१ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागचा दिवा नाही, समोरून राँग साईडनं येणारी मोटारसायकल, तिच्यावर तिघं. घरच्यांनी एक दिवस किल्लीच लपवली.

वाट दाखवली ती फ्रान्समध्ये नोकरीला असलेल्या चुलतभावानं. तो आर्देश नावाच्या डोंगराळ भागात सायकल चालवायला जातो. तिथं दऱ्याखोऱ्यांतून जाणारी मीटरगेज रेल्वे १९६८ साली बंद पडली. तिचे रूळ निघालेल्या पट्ट्यावर आता 'डोल्चे व्हिया' नावाची साधारण नव्वद किलोमीटरची खडीची वाट आहे, मोटारींना बंदी असलेली. त्यानं फोटो पाठवले. बोगदे, दगडी पूल, आणि खाली दाबून बसवलेली बारीक खडी. मी म्हटलं, अरे, ही तर आपली पाणंदच की, फक्त बोगदा जास्तीचा.

(आपल्याकडंही बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ साली लातूरला आली होती. ब्रॉडगेज करताना मार्ग धाराशिव शहराकडून वळवला, तेव्हा जुना काही पट्टा सुटला. तिथं असं काही करता येईल असं मी दोन-तीन जणांकडं बोललो. एकानं विचारलं, त्याला टेंडर किती कोटीचं निघेल?)

तर मी पाणंदी धरल्या. चाकूरहून वडवळ नागनाथच्या बेटाकडं, तिथून लातूर रोड स्टेशनच्या अंगाला, बालाघाटच्या चढउताराची रानं. उंचवट्यावर मुरूम, खोलगट भागात काळी. ज्यांना यायचं असेल त्यांना सांगून ठेवतो. पावसाळ्यात येऊच नका. काळी माती चाक आणि फोर्कच्या मध्ये अशी गच्च बसते की सायकल ढकलतासुद्धा येत नाही, खांद्यावर घ्यावी लागते. दसऱ्यानंतर या, होळीपर्यंत. चाळीस मिलिमीटरचे तरी टायर हवेत, ट्यूबलेस, आत सीलंट. बाभळीचा काटा आणि सराटा यांच्यापुढं पॅचचा डबा म्हणजे नुसता मानसिक आधार. आणि कुत्र्यांसाठी दगड उचलू नका. खाली उतरून सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, पुरतं.

या सगळ्या वाटांमध्ये मला सगळ्यात आवडायची ती एक शिवरस्त्याची पट्टी. गावाचं नाव सांगत नाही. दोन्हीकडं उंच बांध, बोरी, पळस, मधे कुसळी गवत, चाकोरी अर्धी बुजलेली. बैलगाडी नाही, ट्रॅक्टर नाही, कुणीच नाही. एवढा निवांत रस्ता कसा काय राहिला, हा प्रश्न मला कधी पडला नाही. पट्टीच्या शेवटी थोडी नांगरट लागायची, तिच्या कडेच्या पायवाटेनं मी निघून जायचो.

आबा तिथंच भेटले. "मोजणीवाले का?" शक्तिपीठ महामार्गाच्या मोजणीचा विषय निघाल्यापासून आपल्या जिल्ह्यात हातात यंत्र धरून बांधावर कुणी दिसलं की लोक सावध होतात, आणि माझ्या हँडलवर मोबाईल लावलेला. मी म्हटलं, नाही आबा, नुसतं फिरतोय. "नुसतं? हिकडनं नुसतं कोन फिरतंय?"

मग त्यांनी सांगितलं, रस्ता निवांत का आहे ते. शेवटाला जी नांगरट मी चुकवत होतो, तोच रस्ता होता. शेजाऱ्यानं तो रानात घेतला. आबांनी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दावा केला (कलम त्यांना तोंडपाठ, महसूल संहितेचं एकशे त्रेचाळीससुद्धा). निकाल त्यांच्या बाजूनं लागला. जेसीबी आला, पोलीस आले, रस्ता मोकळा झाला, फोटो निघाले. पुढच्या मृगाला शेजाऱ्यानं पुन्हा नांगर घातला. पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. त्या साली आबांचा ऊस फडात उभाच राहिला. गाडी आत येत नाही म्हटल्यावर टोळीचा मुकादम तयार होईना. शेवटी जादा पैसे मोजून उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहून पार रस्त्यापर्यंत आणाव्या लागल्या. तोवर तुरे आले होते, वजन गेलं होतं. सोयाबीनची कट्टी तर दरसाल डोक्यावरच. सून बाळंतपणाला निघाली ती बाजेवर.

हे सगळं ते मला त्याच कुसळीत उभं राहून सांगत होते, आणि मी मनात म्हणत होतो, म्हणजे हा रस्ता मोकळा झाला की इथं मुरूम पडणार, मग ट्रॅक्टर, मग उन्हाळ्यात धुरळा. आवडती पट्टी गेली. हा विचार आला, तो लपवून काय करायचं? आजही येतो. पण बाजेची गोष्ट ऐकल्यावर तो विचार धरून ठेवायला माणूस फार निबर लागतं.

मग आबांनी असं काही मागितलं, ज्याचं मला अजूनही नवल वाटतं. मोबाईलकडं बोट करून म्हणाले, "ह्याच्यात तुमी कुठनं गेलाव ते निगतंय का? तेवढा कागद काढून द्या. रस्ता वहिवाटीत हाय म्हनून लावतो." मी लातूरहून रंगीत प्रिंट काढून आणली. उपग्रहाचा नकाशा, त्यावर निळी रेघ, खाली तारखा. त्या प्रिंटवरच ते शेळीचं वाक्य ऐकावं लागलं.

पण ती प्रिंट फाईलला लागली, आणि खरा घोळ तिथून झाला. जुन्या गावनकाशात गाडीरस्ता तुटक दुबेरी रेषेनं दाखवतात, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायवाट एकेरी, सव्वाआठ फूट. नकाशातली दुबेरी रेष नांगरटीजवळच्या विहिरीच्या पश्चिमेनं जाते. माझी निळी रेघ पूर्वेनं. पूर्वेला आबांचंच रान. शेजाऱ्याच्या वकिलानं ती प्रिंट उचलली आणि म्हणाला, बघा, वहिवाट अर्जदाराच्याच रानातून आहे, पुरावा त्यांनीच आणलाय!

अहो, पश्चिमेचा रस्ता नांगरला म्हणून तर लोक आबांच्या कडेनं जायला लागले. त्यांनी कुणाला अडवलं नाही. ज्यानं रस्ता बंद केला त्याचं रान शाबूत, ज्यानं पाय टाकू दिला त्याच्या रानात वहिवाट. शिवाय मोबाईलचा जीपीएस उघड्या रानातसुद्धा चार-पाच मीटर सहज इकडंतिकडं दाखवतो, म्हणजे जवळजवळ त्या रस्त्याच्या रुंदीएवढं. हे मी लेखी दिलं. सायकल गेली म्हणून रस्ता होत नाही, तर मग सायकल गेली म्हणून आबांच्या रानातून रस्ता कसा होतो, हेही लिहिलं. पोच मिळाली, उत्तर नाही.

मला विचाराल तर भांडण बांधाचं नाहीच, नोंदीचं आहे. शेतरस्ते सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदवा, असं शासनानं २०२५ साली सांगितलंय. चांगलं आहे. पण नोंद करायची म्हणजे आधी रस्ता कुठं आहे ते ठरवायचं, आणि तिथंच तर सगळं अडतंय. फ्रान्समधला चुलतभाऊ म्हणतो, तिकडंही महायुद्धानंतर जमिनींचं एकत्रीकरण करताना कितीतरी गाववाटा नांगरात गेल्या. उरल्या त्या गावाच्या मालकीच्या, म्हणून त्यावर आज तो सायकल चालवतो. त्याला मी विचारलं, त्या वाटेच्या कडेचा शेतकरी काय म्हणतो? तो म्हणाला, थांबून कधी बोललो नाही.

आता स्थळपाहणी लागली आहे. मला साक्षीला बोलावलंय, येताना सायकल घेऊन या, कुठून गेला ते चालवून दाखवा. घरातून सल्ला आहे की जाऊ नका, दुसऱ्याच्या बांधाच्या भांडणात पडू नका, ते लोक दुकानातही येतात. खरं आहे, शेजारीसुद्धा माझं गिऱ्हाईक. खिळे, तार, पीव्हीसी पाईप माझ्याकडूनच नेतो. तरी जाणार आहे.

काल आबांचा फोन आला. म्हणाले, "ती जाड टायरची हाय का न्हाई, तीच आना. जरा रुंद दिसंल."