बागेला पाणी, बागेवर पाणी

तुमच्यापैकी जे हिंदी माध्यमात शिकतात ते 'मानवीकरण' अलंकार शिकतात. महाराष्ट्रातली तुमची भावंडं त्यालाच 'चेतनगुणोक्ती' म्हणतात. पाठ करायला दुसरं नाव जड, एवढाच काय तो फरक. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा तर दोन्हीकडे आहेतच. परीक्षेत दोन ओळी देऊन अलंकार ओळखायला सांगतात आणि मुलं 'सारखा', 'जणू' असे शब्द हुडकून गुण मिळवतात. मीही तसेच मिळवले. पण घरातली माणसं बोलताना-लिहिताना आधी 'जणू' म्हणून सूचना देत नाहीत.

माझं माहेर मोहगाव, सौंसर-पांढुर्ण्याकडचं. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. घरी नागपुरी वळणाची मराठी, शाळेत हिंदी, अशी आमची वाढ. गावाच्या नावावरूनही लोक फसतात. कॉलेजात एक मैत्रीण विचारायची, तुमच्याकडे एवढा कसला मोह? मोह म्हणजे महुआचं झाड, हे तिला सांगावं लागलं.

माझी भाची (भावाची मुलगी, म्हणून मी तिची आत्या) भोपाळला सातवीत आहे. शाळेत मराठी नाही, म्हणून दर रविवारी मी तिला फोनवर शिकवते. गेल्या डिसेंबरात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाकट्या वहिनीनं एकच ओळ लिहिली : 'मोठ्या भाऊजींनी बागेवर पाणी सोडलं.' पाचच मिनिटांत भाचीचं उत्तर आलं. टाळ्यांची चार चित्रं आणि खाली, 'अरे वा! आता खूप संत्री येतील!'

त्यावर ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. 

माझ्या थोरल्या भावानं वडिलांच्या संत्र्याच्या बागेतला आपला हिस्सा सोडून दिला होता. कारण विहिरीचं होतं, एवढं इथे पुरे. ज्या बागेत त्यानं तीस वर्षं काढली, तिच्यावर हक्क सांगायचा नाही असं त्यानं ठरवलं, आणि घरातल्या सर्वांत धाकट्या पोरीनं त्याला टाळ्या दिल्या.

रात्री त्यानंच तिला फोन केला. रागावला नाही. म्हणाला, "पोरी, बागेला पानी सोडतात ते मोटारीनं. बागेवर सोडतात ते हातानं."

याहून चांगलं मला समजावता आलं नसतं. दान देताना तळहातावरून पाणी सोडायची रीत आहे, त्याला उदक सोडणं म्हणतात. पाणी हातावरून गेलं की वस्तू आपली राहिली नाही. त्या विधीतून 'एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं' म्हणजे तिच्यावरचा हक्क, आशा सोडणं, असा अर्थ रूढ झाला. आता पळी-पंचपात्र नसलं तरी शब्दांतून ते पाणी अजून वाहतं.

जुन्या शास्त्रात यासाठी चांगलं नाव आहे, लक्षणा. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त तिची पहिली अट सांगितली आहे : शब्दांचा सरळ अर्थ तिथे अडला पाहिजे. त्याला मुख्यार्थबाध म्हणतात. गोष्ट खरी, पण भाचीची बाजू घेऊन सांगते, या वाक्यात सरळ अर्थ कुठे अडतो? बाग आहे, पाणी आहे, सोडणारा शेतकरी आहे. वाक्य एकटं वाचलं तर मोठी माणसंही फसतील.

म्हणून पुढच्या रविवारी आम्ही पुस्तक बाजूला ठेवलं आणि ग्रुपवरचे संदेश वर सरकवून पाहिले. आदल्या दिवशी वहिनीनं लिहिलं होतं, 'सगळे पटवाऱ्याकडे गेलेत.' पाणी द्यायला पटवारी कशाला लागतो? मग ते 'ला' आणि 'वर'. एवढासा प्रत्यय, पण शेत कुणाचं ते त्यानं ठरतं. आणि तिसरी खूण तर भोपाळला बसून दिसणारच नव्हती : महिना डिसेंबरचा होता.

आमच्याकडे आंबिया बहार धरायचा असेल तर डिसेंबरात संत्र्याची बाग ताणावर सोडतात, म्हणजे पाणी तोडतात. पानं मलूल होतात, झाड वाढ थांबवतं. मग जानेवारीत पाणी देऊन ताण तोडला की झाड फुलांनी भरतं. हलक्या जमिनीत ताण थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. त्या दिवसांत बागेला पाणी सोडलं, तर बहारच बिघडायचा. तेव्हा मोहगावात ते वाक्य ऐकणाऱ्याला सरळ अर्थ लगेच अडला असता.

भाचीनं आता वहीत पाण्याचं एक पान केलं आहे. पाणी जोखणं, पाणी पाजणं, तोंडाला पाणी सुटणं. जिवाचं पाणी पाणी होणं याच्यापुढे मी तिला लाल शाईनं खूण करायला लावली, कारण हिंदीत 'पानी-पानी होना' म्हणजे लाजेनं चूर होणं आणि आपल्याकडे भीतीनं, काळजीनं जीव घाबरा होणं. दोन्ही भाषा येणाऱ्यांनी इथे जरा जपून. शब्द सारखे असतात तिथेच पाय घसरतो.

दोन आठवड्यांनी तिनं फोनवर आजीला विचारलं, मोठे बाबा ग्रुपवर काहीच का लिहीत नाहीत? आई म्हणाली, "ताणावर हाय तो. पन लई दिवस ताणावर ठेवलं तं झाड वाळते, बाई."

भाचीनं मला लगेच फोन करून विचारलं, "आत्या, हे रूपक का?"

मी म्हटलं, "अलंकार मागून बघू. आधी मोठ्या बाबांना फोन लाव."

तिनं लावला. चाळीस मिनिटं बोलत होते. काय बोलले ते दोघांनीही आम्हाला सांगितलेलं नाही.